उशीर वेगळा, संयम वेगळा

होस्टेलमध्ये युद्धाचा विषय निघाला की प्रत्येक जण जनरल होतो. "सरळ घुसायचं ना! एवढे दिवस कशाला घालवायचे?" हा ठरलेला डायलॉग. मला वाटतं, इथे आपण दोन गोष्टींची गल्लत करतो : उशीर आणि संयम.

१९९९ चं कारगिल घ्या. २६ मे रोजी हवाई दलाने हल्ले सुरू केले. २७ तारखेला दोन मिग विमानं गेली, २८ ला एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं गेलं. मग विमानं खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, उंचावरून उडू लागली. पण तेवढ्या उंचीवरून साध्या बॉम्बचा नेम बसेना. शेवटी मिराज-२००० वर लेझर गाइडेड बॉम्बची जुळणी केली आणि २४ जूनला टायगर हिलवर ते अचूक पडले. म्हणजे जवळजवळ महिना गेला. आपल्याला सबमिशनच्या तोंडावर डिझाइन बदलायला सांगितलं तर घाम फुटतो. तिथे तर चूक झाली की माणूस जातो. म्हणून सैन्य तपासून, सराव करूनच बदलतं.

संयमाचं तसं नाही. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, हा सरकारचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. वर्षभरापूर्वीच, मे १९९८ मध्ये, दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या होत्या. अर्थात हा संयम फुकट मिळाला नाही. रेषेपलीकडे जाऊन शत्रूची रसद तोडता येत नव्हती, म्हणून आपले जवान गोळीबारात समोरून कडे चढले. या युद्धात ५२७ जवान शहीद झाले. पण त्याच संयमामुळे जगाचं मत आपल्या बाजूने वळलं आणि ४ जुलैला वॉशिंग्टनमध्ये नवाझ शरीफ यांना माघार कबूल करावी लागली. याला भित्रेपणा कसं म्हणायचं?

मग प्रश्नच विचारायचे नाहीत का? जरूर विचारायचे, पण योग्य वेळी. शत्रूची तोफ नेमकी कुठून मारा करतेय हे सांगणारी रडार तेव्हा आपल्या सैन्याकडे नव्हती. हा उशीर रणांगणावरच्या जवानाचा नव्हता, आधीच्या शांततेच्या वर्षांतला होता. त्याचा हिशेब शांततेतच मागायला हवा. आणि रडार बनवणारे शेवटी इंजिनिअरच असतात, त्यामुळे थोडा हिशेब आपल्याकडेही निघतो!