दोन मिनिटांची तपासणी



बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉलीपाशी लिलाव किती वेळ थांबतो हे आपल्याला कोणी सांगायला नको. चार महिने राबून आणलेल्या मालाचा निकाल मिनिटभरात लागतो आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. सरकारी दवाखान्याच्या रांगेत आपल्या जिवाचीही हीच गत आहे. आत जायचे, ‘काय होतंय?’ एवढे ऐकायचे, आणि उत्तर निम्मे सांगून होईतो चिठ्ठी हातात पडायची. या वेळच्या जिल्हा बैठकीत शेतीमालाच्या भावाबरोबर या प्रश्नालाही वेळ द्यावा, असे आम्हाला वाटते.

डॉक्टर रोग्याला किती वेळ देतात याचा 67 देशांतला हिशेब 2017 साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात 48 सेकंद. भारताच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटे. ही सरासरी झाली. सरासरीत पुण्या-मुंबईचा वेळ घेऊन भेटणारा डॉक्टरही येतो आणि मेळघाटातली रांगही येते. दोघांना एकाच तागडीत घातले की कोणाचेच वजन कळत नाही.

सरकारचे कागद मात्र चोख आहेत. सपाटीवर 30,000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. सकाळी चार तास आणि दुपारनंतर दोन तास बाह्यरुग्ण विभाग, आणि एका डॉक्टरमागे दिवसाला किमान 40 रोगी, असे 2012 च्या केंद्रीय मानकांत लिहिले होते. सहा तासांना 40 ने भागा: माणशी नऊ मिनिटे. ही नऊ मिनिटे गेली कुठे? काही रिकाम्या पदांनी खाल्ली. काही शवविच्छेदन, लसीकरण, तालुक्याच्या बैठका आणि संगणकावरच्या नोंदींनी खाल्ली. एकटा डॉक्टर दीडशे लोकांपुढे बसला तर तो देवमाणूस असला तरी घाई करणारच. त्याच्यावर आमचा राग नाही.

पण सगळा दोष गर्दीवर ढकलून सुटका होत नाही. जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशच्या खेड्यांत एक पाहणी केली. ती 2016 साली प्रसिद्ध झाली. शिकवून तयार केलेली माणसे रोगी म्हणून दवाखान्यांत पाठवली. खासगी दवाखाने थाटलेल्यांपैकी बहुतेकांकडे वैद्यकीय पदवीच नव्हती, तरी ते सरकारी दवाखान्यापेक्षा रोग्याला जास्त वेळ देत होते. त्याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. जे सरकारी डॉक्टर आपला खासगी दवाखानाही चालवत होते, तेच डॉक्टर तिथे जास्त प्रश्न विचारत होते आणि बरोबर औषध देण्याचे प्रमाणही तिथे जास्त होते. माणूस तोच, शिक्षण तेच. खुर्ची बदलली की विद्या बदलते! गावातला बोगस डॉक्टर का चालतो याचेही उत्तर यात आहे. तो पाठीवर हात ठेवतो, घरची विचारपूस करतो आणि सलाईन लावतो. सलाईनची गरज असते की नाही हा भाग वेगळा. पण त्याने ऐकून घेतले एवढे रोग्याला पुरते.

वेळ म्हणजे नुसता गोडवा नव्हे, वेळ हा उपचाराचाच भाग आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उलटी, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी एवढेच सांगणारा माणूस पित्ताचा रोगीही वाटू शकतो. ‘काल काय फवारलेस? डबा कुठला होता?’ हे विचारायला आणि डोळ्यांच्या बाहुल्या पाहायला मिनिट-दीड मिनिट लागते. त्या दीड मिनिटावर अ‍ॅट्रोपिन द्यायचे की पित्ताची गोळी, हे ठरते.

मायबहिणींचे तर बोलायलाच नको. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या साडेसहाशे बायका तपासल्या. त्याचे निष्कर्ष 1989 साली आले: शंभरात 92 जणींना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. पांढरे जाते, ओटीपोट दुखते, हे कोणती बाई दोन मिनिटांत, दारात रांग उभी असताना, परक्या पुरुषाला सांगेल? त्यात ती कोरकू किंवा गोंडी बोलणारी असेल तर अर्धा वेळ भाषेतच जातो. म्हणजे जिला सर्वांत जास्त वेळ हवा, तिच्या वाट्याला सर्वांत कमी येतो.

वेळ दिला की काय होते, याचा दाखला महाडजवळच्या बिरवाडीत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी त्यांनी रात्री काढल्या, हृदयाचे काय होते ते टिपले आणि पुढे प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले. लाल विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात चाळीसच्या आसपास होते, ते एक-दोनवर आले. मोठे यंत्र नव्हते. खाटेजवळ बसायची तयारी होती.

ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसे लागत नाहीत. चांगली गोष्ट. पण फुकटच्या चिठ्ठीसाठी शेतमजुराची दिवसाची मजुरी बुडते, हा खर्च सरकारच्या वहीत कुठेच नाही. फुले जनआरोग्य योजना खाटेवर पडल्यावरची. खाट टाळणाऱ्या पहिल्या तपासणीसाठी ती नाही. आपण खैरात मागत नाही. कर आपणही भरतो, त्या करातून ठरलेली नऊ मिनिटे मागतो.

म्हणून बैठकीपुढे तीन मागण्या ठेवतो आहोत. रिकामी पदे भरा आणि कोणत्या केंद्रात किती रिकामी ते फळ्यावर लिहा. शेतावरून परतणाऱ्यांसाठी बाह्यरुग्ण विभाग संध्याकाळीही चालू ठेवा, आठवड्यातून एक दिवस बायकांसाठी स्त्री डॉक्टर आणि आदिवासी भागात त्यांची बोली जाणणारा मदतनीस द्या. फवारणीच्या हंगामात प्रत्येक केसपेपरवर रोग्याचे काम आणि वापरलेले औषध लिहिण्याची सक्ती करा.

आणि एक काम आपल्याकडे. प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी आपल्या आरोग्य केंद्रासमोर एक आठवडा बसावे. रोगी आत कधी गेला, बाहेर कधी आला, एवढेच वहीत टिपावे. नाव किंवा आजार विचारू नये. बाई की पुरुष, आणि आत डॉक्टर होते की नाही, एवढी खूण करावी. त्या वह्या बैठकीच्या दिवशी सकाळी दहाच्या आत पोचवाव्यात, म्हणजे दुपारी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवता येतील.