पोपटाचा विश्वास

पोपट म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें ओसरीवर टांगलेला पिंजरा, हिरवी मिरची आणि ‘मिठू मिठू’चा घोष उभा राहतो. न समजतां पाठ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास तर ‘पोपटपंची करतो’ म्हणून आपण हिणवतों. या समजुतींत पोपटावर अन्याय आहे. अमेरिकेंतील विदुषी आयरीन पेपरबर्ग यांनीं १९७७ सालीं घेतलेला ॲलेक्स नांवाचा करडा आफ्रिकी पोपट २००७ सालीं मरण पावला. तोंपर्यंत त्याला शंभरांवर शब्द येत होते, आणि वस्तूंचा रंग, आकार व सहापर्यंतची संख्या तो विचारल्यावर सांगत असे. असा बुद्धिमान जीव घरीं आणावयाचा, तर त्याचें मन ओळखणें हें आपलें पहिलें कर्तव्य होय.

येथें एक गोष्ट आधींच सांगितली पाहिजे. आपल्या रानांतला राघू पकडणें, विकणें किंवा पाळणें हा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानें गुन्हा आहे, आणि तो तसा असावा हेंच योग्य. ढोलींतून काढलेलें पिल्लू कितीही लाडांत वाढविलें, तरी त्याचें आकाश तें गमावतेंच. ज्यांना पाळावयाचाच असेल त्यांनीं पिंजऱ्यांतच पैदास झालेला बजरीगर घ्यावा. बाजारांत पुष्कळदां यालाच ‘लव्हबर्ड’ म्हणतात, तें बरोबर नाहीं. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागांतला. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें १८४० सालीं तो प्रथम जिवंत इंग्लंडांत नेला. थव्यानें राहणारा हा पक्षी एकटा पडला कीं झुरतो. म्हणून तो जोडीनें ठेवणें उत्तम.

नवा पक्षी चावला म्हणजे मुलें त्याला खट्याळ ठरवितात. वस्तुतः तो भ्यालेला असतो. ससाण्याची झडप वरून येते. मग पिंजऱ्यांत वरून शिरणारा मनुष्याचा हात त्याला कसा वाटेल, याचा विचार करावा. चावण्यापूर्वीं तो इशाराही देतो: पिसें अंगाशीं घट्ट चापून ताठ उभा राहतो, मान मागें घेतो, दूर सरकतो. उलट, पिसें सैल सोडून एका पायावर उभा राहिला, किंवा झोपेपूर्वीं चोंचीचा बारीक करकर आवाज करूं लागला, म्हणजे तो स्वस्थ आहे असें समजावें.

कांहीं लोक पक्ष्याला उपाशी ठेवून लवकर हातावर आणतात आणि त्यालाच माणसाळविणें म्हणतात. हें मला मुळींच मान्य नाहीं. तीस-चाळीस ग्रॅम वजनाच्या जिवाला उपवास सोसत नाहीं. शिवाय भूक त्याला हातापर्यंत आणील, परंतु विश्वास उत्पन्न करणार नाहीं. खरा मार्ग संथ आहे. पहिले कांहीं दिवस त्याला हात लावूं नये. जवळ बसून मंद आवाजांत बोलावें. मग राळ्याचें कणीस प्रथम गजांपाशीं, पुढें पिंजऱ्याच्या दारांत आणि शेवटीं तळहातावर धरावें. तो मागें सरला कीं आपणही हात मागें घ्यावा. आपला नकार ऐकला जातो हें त्याला एकदां पटलें, कीं चावण्याचें कारण फारसें उरत नाहीं. यास कधीं आठवडे लागतात, कधीं महिने.

पालकांस माझी एवढीच विनंती आहे कीं, केवळ मुलाच्या हट्टाखातर वाढदिवसाची भेट म्हणून पक्षी आणूं नये. रोजचें पाणी, पिंजऱ्याची सफाई आणि रात्रीचा दहा-बारा तासांचा अंधार व निवांतपणा हें सर्व कित्येक वर्षें सांभाळावें लागतें. तें होणार नसेल, तर अंगणांतल्या झाडावर येणारे राघू पाहण्यांतही आनंद आहे. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीं हें व्रत घेतलेंच, तर एक धडा पुस्तकाशिवाय शिकाल: आपल्याहून दुबळ्या जिवानें बोलल्याविना दिलेला नकारही मानावयाचा असतो. वर्गांतल्या भित्र्या सोबत्याशीं कसें वागावें, हें मग कोणास निराळें शिकवावें लागणार नाहीं.