मुलांनी चालायचं तरी कुठून?



दरवर्षी जानेवारीत आपण शाळेत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम घेतो. परिपाठात प्रतिज्ञा होते, मुलं सिग्नलचं चित्र काढतात, ‘लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे चला’ एका सुरात म्हणतात. आपण फोटो काढतो आणि अहवाल पाठवून देतो. मीही इतकी वर्षं हेच करत आले. पण मागच्या गळीत हंगामात एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून तो सिग्नल फळ्यावर काढताना माझा हात अडखळतो.

आमची शाळा सोलापूर जिल्ह्यातल्या ऊस पट्ट्यात आहे. सातवीतली एक मुलगी अडीच किलोमीटरवरच्या वस्तीवरून सायकलने येते. एक दिवस ती परिपाठ संपल्यावर आली. कोपर सोललेलं, फ्रॉक फाटलेला, हातात बाभळीचे काटे. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला म्हणून ती डांबराच्या कडेला सरकली. डांबराची कड आणि खालची माती यांत चांगली वीतभर खाच. चाक घसरलं आणि ती वेड्या बाभळीत पडली. ट्रॉलीचं चाक तिच्यापासून किती लांब होतं, हे तिला सांगता येईना.

मी घाबरून जरा रागातच विचारलं, “अगं, नीट साइडनं चालवायची ना!”

ती म्हणाली, “बाई, मी साइडलाच होते.”

दुसऱ्या दिवशी सायकल घरी राहिली आणि मुलगीही. वडील म्हणाले, “बाई, मला सोडायला वेळ मिळंल त्या दिवशी पाठवतो. आठवीचं पुढं बघू.” त्या महिन्यात तिचे अकरा दिवस बुडाले. पुस्तक, गणवेश, पोषण आहार सगळं शाळेत होतं. शाळेपर्यंत पोचणारी वाट तेवढी नव्हती.

पुस्तकातला रस्ता आणि आमचा रस्ता

आमच्या गावात सिग्नल नाही. झेब्रा पट्टे नाहीत. फूटपाथ नाही. मुलांनी या तिन्ही गोष्टी फक्त चित्रात पाहिल्या आहेत. त्यांच्या रस्त्यावर काय आहे, तर खचलेली साइडपट्टी, वळणावर वाढलेली बाभूळ, कठडा नसलेली मोरी, दिवा नसलेली ट्रॉली आणि फाट्यावरून सुसाट येणारी मोटारसायकल. यातली एकही गोष्ट आपल्या पाठात नसते.

मुळात मुलांनी चालत यावं, हे कायद्यानेच गृहीत धरलेलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी असं म्हटलं आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासून पुढच्या मुलींना सायकली मिळतात, तीही चांगलीच गोष्ट आहे. म्हणजे अंतर आपण ठरवलं, सायकल दिली. पण ती चालवायची कुठून, हे कुणी ठरवलंच नाही.

जरा हिशेब करून बघा. खेड्यातल्या एकपदरी रस्त्याचा डांबरी पट्टा साधारण ३.७५ मीटर असतो. वर्दळ कमी असेल तिथे ३ मीटरच. एसटी साधारण अडीच मीटर रुंद. एसटी आली की डांबरावर फार तर सव्वा मीटर उरतो. म्हणजे मूल खाली उतरणारच. शहरात ज्याला फूटपाथ म्हणतात, ती आपल्याकडे साइडपट्टी आहे. ती खचलेली असेल, तिच्यावर काटे असतील, तर मुलाला जागाच नाही. मग त्याने कितीही सावध राहिलं तरी उपयोग काय?

रस्ते सुधारले, मुलं खाली उतरली

डांबरी रस्ते नकोत असं माझं अजिबात म्हणणं नाही. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, पुढे आपल्या राज्याचीही ग्रामसडक योजना आली. त्यामुळे बाळंतिणी वेळेत दवाखान्यात पोचू लागल्या, भाजीपाला बाजारात जाऊ लागला. पण रस्ता गुळगुळीत झाला तसा वेगही वाढला. पूर्वी खड्डेच वेग आवरायचे. आता तो आवरायला काहीच नाही.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली साधारण दोन तृतीयांश ग्रामीण भागातली. ३२,८२५ जण तर नुसते पायी चालणारे होते. अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक्सप्रेस वे येतो. आकडे मात्र आपल्याच दारात बोट दाखवतात.

वेगाचं गणित पाचवी-सहावीच्या मुलांनाही कळतं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोर मूल दिसल्यावर ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला, तरी तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावरसुद्धा ती आणखी २० मीटर घसरते. म्हणजे एकूण ३७ मीटर. वेग ताशी ३० असेल तर हेच अंतर साधारण १३ मीटरवर येतं. आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट केला की जोर चौपट. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, माणसं आणि वाहनं एकाच रस्त्यावर वावरतात तिथे ताशी ३० च्या वर वेग नसावा, असं सांगितलं गेलं. गावठाणातला रस्ता याहून वेगळा असतो का?

“एवढ्या हळू गेलं तर कामं कशी व्हायची?” असं ग्रामसभेत एकाने विचारलं. मी त्यांना फळ्यावरचा हिशेब सांगितला. शाळेपासून वेशीपर्यंत ५०० मीटर. साठच्या वेगाने ३० सेकंद लागतात, तीसच्या वेगाने ६० सेकंद. एवढाच फरक. अर्धा मिनिट.

आपण काय करू शकतो?

मला वाटतं, उपदेशापेक्षा कामाचं बोलावं. खालच्या बऱ्याच गोष्टींना पैसा कमी आणि पाठपुरावा जास्त लागतो.

१) आपला रस्ता शिकवा. एक दिवस मुलांबरोबर त्यांच्या वस्तीपर्यंत चालत जा. परत आल्यावर मुलांना नकाशा काढायला सांगा. जिथे भीती वाटते तिथे लाल ठिपका. आमच्या मुलांनी दोन किलोमीटरमध्ये नऊ ठिपके दिले. त्यातले चार मला इतक्या वर्षांत कधी दिसले नव्हते, कारण मी स्कूटीवरून जाते. पहिलीतल्या मुलाची उंची पावणेचार फुटांच्या आत. बाभळीआडून त्याला गाडी दिसत नाही आणि गाडीवाल्याला तो दिसत नाही.

२) वेग मोजा. शाळेच्या कुंपणाच्या आतून, मुलांना रस्त्यावर न नेता. कुंपणालगत ५० मीटरवर दोन खुणा करा आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच लावा. गाडीने हे अंतर ६ सेकंदांत पार केलं तर वेग ताशी ३०, ३ सेकंदांत पार केलं तर ६०. ताळ्याच्या खुणा मारून तक्ता करा. भागाकार, एकक आणि सांख्यिकी असे तीन घटक एकाच तासात होतात. आणि ग्रामसभेत मुलांचा तक्ता मांडला की कुणी ‘बाई उगाच बोलतात’ म्हणत नाही.

३) रस्ता कुणाचा, ते शोधा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. मुलांना किलोमीटरच्या दगडाचा रंग बघायला सांगा. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य मार्गाचा, केशरी गावच्या रस्त्याचा. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की वर्ष जातं, हे मी अनुभवाने सांगते.

४) साइडपट्टी मागा. मुरूम भरून, दाबून, डांबराच्या पातळीला आणलेली. पावसाळा संपला की दरवर्षी ती बघायची आणि बाभूळ काढायची. नवीन डांबर पडताना तर डोळे उघडे ठेवाच. थरावर थर चढतो, रस्ता उंच होतो आणि बाजूची खाच खोल होत जाते. काम चालू असतानाच विचारलं तर उत्तर मिळतं. ठेकेदार गेल्यावर कुणाला विचारणार?

५) गतिरोधक हवा, पण बरोबर मापाचा. अपघात झाला की गावात रात्रीतून ढिगारा उभा राहतो. त्यावर गरोदर बाई आदळते, सायकलवालं पोर पडतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनात गोलसर गतिरोधकाचं माप आहे: लांबी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. वाहन ताशी २५ च्या आसपास वेगाने आरामात जावं, असा तो बांधतात. त्यावर पांढरे पट्टे आणि अलीकडे फलक हवाच. शाळा, अंगणवाडी आणि दवाखान्याजवळ तो लेखी मागा.

६) दिसू द्या. हिवाळ्यात शनिवारच्या सकाळच्या शाळेला मुलं धुक्यातून येतात. सायकलच्या मडगार्डला, दप्तराला रेडियमची पट्टी लावा. हंगाम सुरू होण्याआधी गावातल्या ट्रॅक्टर मालकांना शाळेत बोलवा आणि ट्रॉलीच्या मागे मुलांच्या हातानेच पट्ट्या लावून घ्या. ज्या ट्रॉलीला आपण पट्टी लावली तिचा मालक मुलांजवळून जाताना वेग कमी करतो, असं मी पाहिलं आहे.

७) चालायची बाजू नीट सांगा. आपल्यापैकी अनेकांना ‘डावीकडून चाला’ असं शिकवलं गेलं. वाहन डावीकडूनच चालवायचं आणि सायकल हेही वाहनच आहे. पण फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर पायी जाणाऱ्याने उजव्या बाजूने चालावं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. एकामागे एक चालायचं, आणि मोठं मूल सर्वांत पुढे नि सर्वांत मागे.

थोडं आपल्याबद्दलही

पालकहो, राग मानू नका. नववीतल्या मुलाच्या हातात मोटारसायकल आपणच देतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा एवढंच मनात ठेवा, की समोरून चालत येणारी पोरं आपल्याच गावची असतात.

आणि शिक्षक मित्रांनो, हजेरीची वेळ गाठायला वस्तीतून गाडी दामटणारे आपणही आहोत. शाळेच्या फाटकातच गाड्या लावून मुलांना रस्त्यावरून वळसा घालायला लावणारेही आपणच. मी आता दहा मिनिटं आधी निघते आणि गाडी मागच्या बाजूला लावते.

चालणाऱ्यांची वाट

आपला महाराष्ट्र चालणाऱ्यांचा आहे. आळंदी आणि देहूहून लाखो वारकरी पायी आमच्या जिल्ह्यात, पंढरपूरला येतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखी मार्गांच्या रुंदीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आखण्यात आली. चालणाऱ्याला रस्त्यावर हक्काची जागा हवी, हे सरकारने तिथे मान्य केलं. माऊलींच्या वारकऱ्यांना ती मिळावी याचा मला आनंदच आहे. पण शाळेची वारी वर्षातून दोनशेहून जास्त दिवस चालते, आणि वारकरी सहा ते चौदा वर्षांचे असतात. त्यांच्यासाठी पक्की वाट नाही तर नाही, निदान मुरमाची तीन फूट पट्टी तरी?

आमच्याकडे काय झालं तेही सांगते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे ठराव सहज झाला. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांचा नकाशा आणि वेगाचा तक्ता मांडला. बाभूळ लोकांनी एका रविवारी श्रमदानातून काढली. सर्वांत वाईट अशा ३०० मीटरवर मुरूम पडला. बाकीचा रस्ता तसाच आहे. गतिरोधकाचा अर्ज अजून पुढे सरकलेला नाही, आम्ही पाठपुरावा करतोय.

ती मुलगी आता चौघींबरोबर चालत येते. सायकल अजून घरीच आहे. तिच्या वडिलांना मी परवा विचारलं, तर म्हणाले, “पुढच्या हंगामाच्या आत उरलेली साइडपट्टी भरा बाई, मग देतो.”

त्यांचं काय चुकलं? पुढच्या वर्षी तिची आठवी आहे आणि हायस्कूल आमच्या शाळेच्याही दोन किलोमीटर पुढे आहे. हंगाम सुरू व्हायला फार दिवस उरलेले नाहीत. म्हणून येत्या ग्रामसभेला मी पुन्हा जाणार आहे. तुमच्या गावातल्या ग्रामसभेला तुम्हीही जा, आणि जाताना एकदा शाळेपासून शेवटच्या वस्तीपर्यंत पायी चालून बघा. गाडीवरून नाही, पायी.