मुलांच्या हाती गोष्ट द्या

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर एक माउली आम्हांला भेटल्या. त्यांचा मुलगा प्रथम कम्युनियनची तयारी करीत आहे. दहा आज्ञा, सात संस्कार, पश्चात्तापाची प्रार्थना, सारे त्याने आम्हांला एका दमात म्हणून दाखविले. आम्ही कौतुक केले आणि सहज विचारले, "बाळ, त्या दयाळू शोमरोन्याने काय केले रे?" मुलाने आईकडे पाहिले आणि निरागसपणे म्हटले, "ते अजून पाठ करायला दिलं नाही."

माउली खजील झाल्या. परंतु खरे सांगावयाचे तर खजील होण्याची पाळी आम्हां सर्वांचीच होती. पाठांतर वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. पाठ केलेली प्रार्थना अडीअडचणीच्या रात्री कशी आधाराला येते, हे वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. परंतु गोष्ट ही पाठ करण्याची वस्तू नव्हे. ती ऐकावयाची, पाहावयाची आणि लहान वयात तर हातांनी चाचपावयाची वस्तू आहे. प्रभू येशूचे दाखलेच पाहा. मोहरीचा दाणा, पिठात कालवलेले खमीर, मिठाची चव, दिवठणीवर ठेवलेला दिवा, हरवलेले नाणे, मासे धरण्याचे जाळे: यांतील बहुतेक वस्तू आजही आमच्या स्वयंपाकघरात व परसात सापडतील. प्रभूने ज्या वस्तू हाती घेऊन शिकविले, त्या वस्तू आम्ही मात्र मुलांच्या हातून काढून घेतल्या आणि त्यांच्या हाती प्रश्नोत्तरांची वही दिली.

आमच्या पूर्वजांनी असे केले नव्हते. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी गव्हाणी मांडली आणि खरे बैल व गाढव आणून लोकांसमोर बेथलेहेम उभे केले. संत फ्रान्सिस झेव्हियर १५४२ साली गोव्यास आले, तेव्हा रस्त्यांतून घंटा वाजवीत हिंडत आणि मुलांना गोळा करून धर्मतत्त्वे शिकवीत. पुढे दक्षिणेच्या किनाऱ्यावर काम करीत असता, येथे शिकलेले घरी जाऊन आईबापांना शिकवा, असे ते मुलांना सांगत, हे त्यांच्या पत्रावरून दिसते. आणि १६१६ साली रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या भागात जुन्या कराराच्या व दुसऱ्या भागात नव्या कराराच्या कथा आल्या. जन्माने इंग्रज असलेल्या या धर्मगुरूने ओवी निवडली, यात मोठे शहाणपण आहे. ओवी म्हटली की आपल्याकडे जात्याची आठवण होते. हात कामात आणि मन गोष्टीत. तीच रीत आम्ही आज घराघरात पुन्हा सुरू करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

आमच्या बेळगावकडच्या घरांतून स्वयंपाकघरात कोकणी, प्रार्थनेत मराठी, बाजारात कानडी आणि शाळेत इंग्रजी अशी चार भाषांची ये-जा चालते. शाळेतल्या इंग्रजीत मोठे होणाऱ्या मुलाला आजीच्या बायबलातील शब्द अवघड वाटतात, ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. परंतु मेथीचा दाणा हाती दिला की भाषेची भिंत पुष्कळशी खाली येते. 'पेरणारा पेरावयास निघाला' हे समजण्यासाठी कोश लागत नाही.

तेव्हा पेरणाऱ्याच्या दाखल्यापासूनच आरंभ करू या. नारळाच्या चार करवंट्या घ्याव्यात व प्रत्येकीच्या तळाशी पाणी जाण्यापुरते भोक पाडावे. पहिलीत माती घालून ती मुठीने घट्ट ठोकावी. ही झाली पायवाट. दुसरीत एक चपटा दगड ठेवून वर बोटभर माती पसरावी. तिसरीत परसातील गवत मुळांसकट मातीसह बसवावे. चौथीत भुसभुशीत माती व थोडे शेणखत घालावे. मग मुलाच्या हाताने प्रत्येक करवंटीत मोजून दहा-दहा मेथीचे दाणे टाकावेत. पहिलीत ते वरच राहू द्यावेत, इतर तिन्हींत हलकेच मातीआड करावेत. चारींना पाणी सारखेच घालावे आणि चारी उन्हात ठेवाव्यात. पहिलीतले दाणे बहुधा चिमण्याच नेतील. त्यांना हुसकू नये. तीन-चार दिवसांत दगडावरच्या मातीतही कोंब दिसतील आणि मूल आनंदून जाईल. नंतर एक-दोन दिवस पाणी दिले नाही की ते कोंब माना टाकतील. हे पाहिल्यावर शुभवर्तमानातील तो भाग वाचून दाखवावा, आधी नव्हे.

आमच्या घरी हा प्रयोग झाला तेव्हा धाकट्याने तिसऱ्या करवंटीपाशी बसून विचारले, "यातलं गवत आपण उपटलं तर?" दाखल्यात या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. तरीही पुष्कळ प्रवचने ऐकून आम्हांला जे सुचले नव्हते, ते त्या प्रश्नात होते. आम्ही म्हटले, "उपटून पाहा." त्याने गवत उपटले. दोन रोपे जगली.

हरवलेल्या नाण्याचा दाखला संध्याकाळी करावा. लूकच्या शुभवर्तमानात एका बाईची दहा नाणी असतात व त्यांतील एक हरवते. त्या काळची गरिबांची घरे लहान व अंधारी असत. म्हणून ती दिवा लावते, घर झाडते आणि मन लावून शोधते. मुलाकडून रुपयाची दहा नाणी मोजून घ्यावीत, त्यांतील एक कोणी गुपचूप लपवावे, मग विजेचे दिवे मालवून एक समई व एक केरसुणी मुलाच्या स्वाधीन करावी. समई मात्र मोठ्या माणसाने धरावी. नाणे सापडल्यावर खेळ संपला असे समजू नये. त्या बाईने मैत्रिणींना व शेजारणींना बोलावून आनंद केला, आणि दाखल्याचे मर्म त्या आनंदातच आहे. म्हणून मुलाने शेजारच्या घरी जाऊन नाणे सापडल्याची वार्ता द्यावी आणि गुळाचा एक खडा हातावर ठेवावा. शेजारी कोणत्या धर्माचे आहेत हे पाहण्याचे कारण नाही. गुळाला आणि आनंदाला जात नसते.

रात्री आंबोळीचे पीठ भिजविताना मुलाला जवळ बोलवावे. पीठ जेथवर आहे तेथे भांड्याला बाहेरून दोरा बांधावा आणि सकाळी ते कोठवर आले आहे हे त्याचे त्यालाच पाहू द्यावे. रात्रभर कोणी काही केले नाही, आवाज झाला नाही, तरी पीठ वर आले. देवाचे राज्य खमिरासारखे आहे म्हणजे काय, हे त्याला न्याहारीच्या आतच कळेल.

दावीद आणि गल्याथ यांची गोष्ट मुलांना फार प्रिय असते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात गल्याथाची उंची सहा हात एक वीत दिली आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर तो हात, आणि पंजा ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर ती वीत. ही मापे आमच्या आजीला फुटपट्टीपेक्षा अधिक ओळखीची. वडिलांच्या हाताने सुतळी मोजून अंगणात पसरावी. दीड फुटाचा हात धरला तर ती पावणेदहा फूट भरते. तिच्या शेजारी मुलाला निजवावे आणि त्याच्या डोक्यापाशी खूण करावी. मग पाच गुळगुळीत गोटे वेचून त्याच्या हाती द्यावेत. गोफण मात्र देऊ नये. घरात काचा आहेत.

या कामी चार गोष्टी आम्ही चुका करूनच शिकलो. एका दिवशी एकच गोष्ट घ्यावी आणि मूल कंटाळण्याआधी थांबावे. रंग, कात्री, चकचकीत कागद यांचा पसारा मांडू नये. सुबक तारू करण्याच्या नादात नोहा विसरला जातो. शेवटी तात्पर्य सांगण्याची घाई करू नये, कारण मुलाच्या मनात जे उगवत असते त्यावर आपणच दगड ठेवतो. आणि अवघड प्रश्न आला तर खोटे उत्तर देऊ नये. "तारवाबाहेरची माणसं बुडाली का?" असे आमच्या थोरलीने विचारले, तेव्हा आम्ही प्रथम विषय टाळला. ती रात्री झोपेना. मग तिला जवळ घेऊन सांगितले, "होय, बुडाली. माणसांची दुष्टाई पाहून देवाच्या मनाला दुःख झाले होते, असे त्याच पुस्तकात लिहिले आहे. पुन्हा असा जलप्रलय येणार नाही, हे वचनही त्यानेच दिले, म्हणून मेघधनुष्य." तिने डोळे पुसले आणि झोपली. मुलांना दुःख सोसते. टाळाटाळ सोसत नाही.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना आमची लेखणी अडखळते, तरीही सांगतो.

पावसाळ्यातील एका शनिवारी आम्ही घरी दयाळू शोमरोन्याचा दाखला करावयाचे ठरविले. यरुशलेम डोंगरावर आहे, यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या त्या वाटेवर जवळजवळ एक हजार मीटरचा उतार आहे. म्हणून माडीचा जिना हीच आमची वाट झाली. थोरली जखमी प्रवासी होऊन मधल्या पायरीवर पडली. आजी खाणावळवाल्या झाल्या व दोन नाण्यांची वाट पाहत खाली बसल्या. धाकट्याने तेलाची वाटी व जुन्या धोतराची पट्टी घेतली, आणि मग आमच्याकडे वळून म्हणाला, "बाबा, तुम्ही न थांबता जाणारे व्हा."

आम्ही हसून विचारले, "याजक की लेवी?"

"कोणीही चालेल. तुम्हाला ते येतं. काल तुम्ही गेलात ना, तसं जायचं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. सहा वर्षांच्या मुलाला टोमणा कोठून येणार? आदल्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही त्याचा हात धरून नोव्हेनाला निघालो होतो. रस्त्याच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ भिजलेल्या गाठोड्याला टेकून चिखलात बसले होते. त्यांनी हात थोडा वर केला होता. चर्चची घंटा होत होती. "कोणी तरी पाहील," असे आम्ही म्हटले आणि पावले उचलली. मुलाने मान वळवून मागे पाहिले होते, हे आम्हांला त्या जिन्यावर आठवले.

आम्ही जिना उतरलो. मधल्या पायरीवर लेक पडली होती. तिच्या बाजूने पुढे जावयाचे, एवढेच आमचे काम होते. परंतु त्या चार पायऱ्या आम्हांला फार जड गेल्या. खेळ संपल्यावर आम्ही छत्री घेऊन त्या रस्त्यावर गेलो. तेथे कोणी नव्हते. चहाच्या टपरीवर विचारले, फुले विकणाऱ्या बाईंना विचारले. त्यांचे पुढे काय झाले हे कोणालाही ठाऊक नव्हते, आणि आजही आम्हांला ठाऊक नाही. परत येऊन मुलाला सांगितले, "आमचे चुकले." त्याने विचारले, "मग ते आजोबा आता कुठे आहेत?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या दिवसापासून रात्रीच्या जपमाळेनंतर तो 'भिजलेल्या आजोबांसाठी' एक 'नमो मरिया' म्हणतो. आम्हीही म्हणतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हटले आणि मुलांना श्रद्धेची पहिली घोषणा आईबापांनी करावी, असे सांगितले. या शब्दांचा आम्हांला अभिमान वाटत असे. आता त्यांची थोडी भीतीही वाटते, कारण मूल ती घोषणा केवळ आमच्या तोंडून ऐकत नाही. आमच्या चालण्यातूनही ऐकते. गोष्ट मुलाच्या हाती दिली की ती आम्हांलाही परत मिळते, आणि ती आम्ही दिली होती तशीच परत येईल याची शाश्वती नसते. झेव्हियर मुलांना घरी जाऊन आईबापांना शिकवावयास का सांगत, हे आम्हांला त्या जिन्यावर उमगले.

वाचक मातापित्यांनो, येत्या शनिवारी अर्धा तास काढा. चार करवंट्या घ्या, किंवा दहा नाणी घ्या, किंवा घरात जिना असेल तर जिना घ्या. खर्च काही नाही. मात्र मुलाने तुम्हांला कोणते काम दिले, ते नीट लक्षात ठेवा.