‘काहीतरी करा’ म्हणण्याआधी

कॅन्सर हाडांत पसरला की ठणका झोपू देत नाही. त्यासाठी दहा दिवस ‘शेक’ म्हणजे रेडिएशन सांगितलं, तर गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा-देवरीकडच्या माणसाला रोज नागपूरला जाणं-येणं जमत नाही. खोली घ्यावी लागते, सोबतच्या मुलाची मजुरी बुडते, इकडे धानाची रोवणी अडते. वास्तविक गुंतागुंत नसेल तर रेडिएशनची एकच मात्रा तेवढाच आराम देते. दुखणं उलटलं तर पुन्हा देता येते.

राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांनी २०१९ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त टाळायच्या दहा गोष्टी सांगितल्या, त्यात हाडांच्या अशा दुखण्याला एकाहून जास्त मात्रा देणंही आहे. पुढे गेलेल्या आजारात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला लाभाची आशा नसताना केमो देऊ नये, हेही. पण काहीच केलं नाही तर गाव काय म्हणेल, या धाकाने उपचारासाठी शेत गहाण पडतं!

तंबाखूच्या खर्ऱ्याने तोंडात झालेली जखम मात्र अंगावर काढू नका. तिथे लवकर उपचार हवेतच. डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: हा उपचार आजार बरा करायला आहे, की त्रास कमी करायला?