गंगाळातले पाणी

पाहुणा दारात आला की त्याच्या पायांवर तांब्याभर पाणी घालावे, ही आपल्याकडची जुनी रीत. लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो. गुरुपौर्णिमेला शिष्य गुरूचे धुतो. या साऱ्या प्रसंगांत एक गोष्ट ठरलेली असते. पाणी नेहमी खालच्याने वरच्याच्या पायांवर घालायचे. कोणाची पायरी कोणती, हे त्या धारेवरून परक्या माणसालाही कळावे.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या यहुदी समाजातही हाच क्रम होता. धुळीची वाट तुडवून आलेल्यांचे पाय धुणे हे घरातल्या गुलामाचे काम. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात मात्र ही धार उलटी वाहते. वल्हांडण सणाच्या तोंडावर, शेवटच्या भोजनाच्या वेळी, येशू पंक्तीतून उठतो, वरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. आपल्यात मोठा कोण, यावरून त्याच भोजनाच्या वेळी शिष्यांत वाद लागल्याचे लूक सांगतो. त्या वादाला याहून सडेतोड उत्तर शब्दांत देता आले नसते.

या प्रसंगातील दोन माणसे विसरू नयेत. पहिला पेत्र. गुरूने आपले पाय धुवावेत हे त्याला सोसत नाही. तो नकार देतो. त्या नकारात भक्ती आहे, तशी भीतीही असावी. गुरूच खाली बसला, तर उद्या आपल्यालाही बसावे लागेल! दुसरा यहुदा. तो दगा देणार हे येशूला ठाऊक होते आणि तरीही तो त्या पंक्तीत होता. त्याला वगळून पाणी पुढे सरकले, असे शुभवर्तमान कुठेही म्हणत नाही. आपल्या माणसांची सेवा कोणीही करतो. जो आपल्या विरोधात गेला आहे त्याच्याशी आपण कसे वागतो, तिथे नेत्याच्या चारित्र्याची परीक्षा असते.

सेवेचे नेतृत्व म्हणजे पडखाऊपणा, असा एक समज आहे. तो किती चुकीचा आहे हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसते. त्यांना मानसन्मान कमी मिळाले नव्हते. १८७८ साली, वयाच्या विशीत, कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ साली मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले. पुढे १८९६-९७चा दुष्काळ आला. रमाबाईंनी आपले आईवडील अशाच एका दुष्काळात गमावले होते. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली व विधवा त्यांनी केडगावला आणल्या. अशा शेकडोंना सांभाळणे म्हणजे काय, हे ज्याने घरातले एक आजारपण काढले आहे त्याला सांगायला नको. ‘मुक्ती’मध्ये अंध स्त्रियांसाठी सोय झाली, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आसरा मिळाला, शेती आणि विणकाम सुरू झाले, छापखाना उभा राहिला. आयुष्याच्या उत्तरार्धात, साध्या बाईलाही कळावे अशा मराठीत, हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलचे भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवण्याचे काम याच छापखान्यातल्या मुलींनी केले.

पण याच रमाबाई इंग्लंडमध्ये आपल्या धर्ममातेशी पत्रांतून वर्षानुवर्षे वाद घालत राहिल्या. आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा धर्मगुरूच्या हाती सोपवायला त्या तयार नव्हत्या. १८९७ साली पुण्याच्या प्लेग छावण्यांत स्त्रियांचे हाल झाले, तेव्हा सरकारविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. उपाशी मुलीपुढे वाकणारी ही बाई सत्तेपुढे ताठ उभी राहिली. आपल्या सार्वजनिक जीवनात नेमके उलटे चित्र दिसते. साहेबापुढे कमरेत वाकणारा माणूस शिपायावर आवाज चढवतो.

पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी आजही होतो. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी तो रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला. त्या बारा जणांत दोन मुली होत्या, मुस्लिमही होते. कुरबुर झाली, पण २०१६ साली या विधीत स्त्रियांना घेण्यास रीतसर मान्यता मिळाली. विधी जिवंत राहतो तो असा. नाही तर बारा निवडक माणसे, घरूनच स्वच्छ धुतलेले पाय आणि समोर कॅमेरा, एवढेच उरते.

ख्रिस्ती समाजाने हा प्रश्न आधी स्वतःला विचारला पाहिजे. सेवेच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थांत आज खुर्च्यांसाठी चुरस नाही, असे कोणी म्हणेल काय? देवळात शेजारी बसणाऱ्याची जात अजूनही मनातून गेली नाही, त्याचे काय? दारावर पाटी, पाटीवर नाव, नावामागे पदांची रांग. आणि आत येणाऱ्या गरीब पालकाला बसायला खुर्ची नाही. गंगाळ कुठल्या कोपऱ्यात ठेवले आहे, हेही अनेकांना आठवणार नाही.

चारित्र्य घडते ते रोजच्या बारीकसारीक गोष्टींत. घरकाम करणाऱ्या बाईसाठी आपण कपबशी वेगळी ठेवतो की आपल्यातलीच देतो? घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचे करायची वेळ आली, तर ते सुनेवर सोडून आपण सभेला जातो काय? हाताखालच्याने केलेल्या कामाचे श्रेय भर बैठकीत त्याच्या नावाने सांगतो काय? आणि पेत्राप्रमाणे अवघडलो, तरी दुसऱ्याने केलेली सेवा नम्रपणे घेता येते काय? या गोष्टींना हार पडत नाहीत, त्यांची बातमीही होत नाही. पण पुढे मोठी जबाबदारी अंगावर येते, तेव्हा माणूस याच सवयींनिशी तिच्यापुढे उभा राहतो. म्हणून पुढारी निवडताना त्याचे भाषण जरूर ऐकावे. मात्र मत देण्यापूर्वी त्याच्या घरी आणि कचेरीत राबणाऱ्यांना तो कसा वागवतो, याची चौकशी करावी.