टॉनिकच्या बाटलीआधी रक्ताची तपासणी

रिसोड तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात : "मुलगा आठ वर्षांचा झाला, तरी रात्री अंथरूण ओले करतो. जूनमध्ये त्याला वसतिगृहात ठेवायचे आहे. चेहरा फिक्का दिसतो, मधूनमधून हातपाय दुखतात म्हणून रडतो. दुकानदार म्हणाला, अंगात खनिजं कमी पडलीत. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या दोन बाटल्या संपल्या, काही फरक नाही. सासूबाई काळे तीळ आणि गूळ देतात. हे म्हणतात, दोन रट्टे दिले की सुटेल सवय. काय करू?"

ताई, आधी ते रट्टे थांबवा. मूल हे मुद्दाम करीत नाही. रात्री लघवी कमी व्हावी म्हणून मेंदूतून एक स्राव येतो. काही मुलांत तो पुरेसा वाढायला वेळ लागतो. त्यात झोप गाढ, त्यामुळे जाग येत नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांत पंधराएक मुले अशी असतात आणि बहुतेकांचे वयाबरोबर आपोआप थांबते. हा प्रकार घराण्यातही चालत येतो. सासूबाईंना हळूच विचारून पाहा, यजमान किती वर्षांचे होईपर्यंत गोधड्या वाळत घालाव्या लागत होत्या!

आता खनिजांचे. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम कमी पडल्याने मूल अंथरूण ओले करते, असे खात्रीने सिद्ध झालेले नाही. तिसरी बाटली आणू नका. तीळ-गूळ जरूर द्या. तिळात कॅल्शियम आणि लोह असते, अंगाला लागेल. पण त्याने अंथरूण कोरडे राहील, ही आशा नको.

मला काळजी वाटते ती फिक्क्या चेहऱ्याची आणि दुखणाऱ्या हातापायांची. साधा रक्तक्षय असू शकतो. पण आपल्या विदर्भात सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजारही आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. म्हणून रक्त कमी पडते, हाडे दुखतात. मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, ती पातळ आणि भरपूर होते. म्हणून या मुलांत अंथरूण ओले करणे अधिक दिसते.

तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन हिमोग्लोबिन, सिकलसेल आणि लघवी तपासून घ्या. सिकलसेलची पहिली चाचणी थेंबभर रक्तावर होते. तीत दोष दिसला तर पक्की तपासणी पुढे करतात. २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू आहे.

निकाल येईपर्यंत दोन गोष्टी सांभाळा. लोहाचे औषध मनाने सुरू करू नका. सिकलसेलमध्ये ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देत नाहीत. आणि "रात्री भिजवतो" म्हणून पाणी तोडू नका. सिकलसेलच्या मुलाला पाणी कमी पडले तर दुखणे उसळते.

तपासणीत काही निघाले नाही, तर घरचे उपाय पुरतात. दिवसभर भरपूर पाणी, संध्याकाळनंतर बेताचे. रात्री चहा नको. निजण्याआधी लघवी. पोट रोज साफ होते का पाहा. बद्धकोष्ठाने मूत्राशयावर दाब येतो. गादीवर रबरी कापड घाला. सकाळी ओली चादर त्याच्याकडून काढून घ्या, पण शिक्षा म्हणून नव्हे. वसतिगृहाच्या बाईंना आधीच एकांतात सांगून ठेवा, म्हणजे पोरांत हसे होणार नाही. तरीही थांबले नाही, तर यावर डॉक्टरांकडे औषधही आहे.

मूल फार तहानू लागले, वजन उतरले, लघवीला जळजळ झाली, किंवा सहा महिने कोरडे राहून पुन्हा सुरू झाले, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

तपासणीचा निकाल आला की मला कळवा. आणि आज रात्री त्याला जवळ घेऊन एवढेच सांगा, "तुझी काही चूक नाही रे बाळा."